माझ्या नावाने केलेला फोन

चामोर्शी,
शनिवार, २४ जानेवारी २०२६

धनराज,

बुधवार, दिनांक २१ जानेवारी २०२६, दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी तू चंद्रपूरच्या दवाखान्यात फोन केलास आणि माझी शुक्रवारची बायोप्सी पुढे ढकललीस. वेळ मी अंदाजाने लिहिलेली नाही. काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर माझ्याकडे फिरवून बोट ठेवून दाखवली. माझ्या नावासमोर लाल पेनाने लिहिलं होतं: ‘पेशंट नंतर येणार, भावाचा फोन, ४.१७.’ त्याखाली नवी तारीख, १९ फेब्रुवारी.

पत्राच्या वर ‘सप्रेम जयभीम’ लिहायची आपल्या घरची रीत आहे. जयभीम घे. सप्रेम वगळलं आहे.

काल सकाळी सहाच्या एसटीने मी आणि शेजारच्या केसरबाई निघालो. हरणघाटच्या पुलावर इतकं धुकं होतं की नदी दिसली नाही. उपाशी यायला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी उपाशीच गेले. साडेनऊला दवाखान्यात पोचले, नाव सांगितलं, तेव्हा ती मुलगी म्हणाली, “तुमच्या भावानं तं सांगतलं मॅडम, बाईची तबियत ठीक नाई, घरी लगन आहे, लगन झाल्यावर येतीन.”

मी तिला म्हटलं, तब्येत ठीक नसली की माणसं दवाखान्यात येतात. ठीक असली की घरी बसतात. ती हसली. मी विनोद केला नव्हता. ज्या बाईची तपासणी आहे तिला एकदा विचारायचं नसतं का, असं विचारलं, तर म्हणाली की केसपेपरवर नंबर भावाचाच आहे.

ते मात्र खरं आहे. १२ जानेवारीला पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘सोबतच्या नातेवाईकाचा मोबाईल’ अशी ओळ होती आणि मी तुझा नंबर सांगितला. ती माझी चूक. पोस्टात मी छत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा सबपोस्टमास्तर म्हणून. ज्याच्या नावाचं पत्र त्याच्याच हातात पडेल, हे मी पाळलं. बायकोच्या नावाची रजिस्ट्री नवऱ्याला दिली नाही म्हणून एका सरपंचाने माझी तक्रार नागपूरपर्यंत नेली होती. मी मागे हटले नव्हते. आणि स्वतःच्या छातीची वेळ आली तेव्हा मी तुला पत्ता करून बसले.

१२ तारखेचंही लिहून ठेवते, म्हणजे नंतर ‘असं झालंच नाही’ म्हणायला जागा राहणार नाही. डॉक्टरांच्या खोलीत पेशंटसमोरची खुर्ची एकच होती. तू तिच्यावर बसलास. मी पडद्यामागे तपासून झाल्यावर ब्लाउजचे हूक लावत होते, तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं की घरात पूर्वी कोणाला असं काही झालं होतं का. प्रश्न मला होता. पडद्याआडून तुझा आवाज आला, “नाई जी डॉक्टरसाहेब, आमच्यात कोनालेच नाई.” मी बाहेर येईपर्यंत ते लिहूनही झालं होतं. मी त्यावर काही बोलले नाही. का बोलले नाही ते माझं मी पाहीन.

गाठ मला २ जानेवारीला लागली. डाव्या बाजूला, काखेच्या अंगाने, बोराएवढी. दुखत नाही. मी वेळ घालवला नाही, दहा दिवसांत डॉक्टर गाठला. वेळ घालवणारा तू आहेस.

संघप्रियेचं राजदीपशी लग्न ८ फेब्रुवारीला आहे हे मला ठाऊक आहे. पत्रिकेत निमंत्रक म्हणून माझं नाव तूच छापलं आहेस. तुझी एकुलती एक मुलगी, माझी एकुलती एक भाची. पण तिच्या लग्नाचा आणि माझ्या छातीत सुई घालण्याचा संबंध काय, तो आठ दिवसांच्या आत लेखी कळव. आता रजिस्ट्री राहिलेली नाही, सरकारने ती स्पीड पोस्टात कालवून टाकली. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते आहे, पोचपावतीसह. परवा सव्वीस जानेवारीची सुट्टी, गडचिरोलीला मंगळवारी मिळेल.

रंभा उंदिरवाडे

---

चामोर्शी,
शुक्रवार, ३० जानेवारी २०२६

धनराज,

जयभीम. पोचपावती आली. सही तुझीच आहे, मी तपासली.

लेखी उत्तर आलं नाही. मोबाईलवर अकरा संदेश आले, त्यातला एक कमळाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’. मी फोन उचलत नाही कारण फोनवर तू आवाज बारीक करतोस आणि मला तुझं लहानपण आठवतं. म्हणून कागदावर बोल.

तुझा नववा संदेश असा आहे: “बाई, रागाऊ नको. राजदीपच्या घरी माहीत पडलं तं म्हनतीन यायच्या घरी बिमारी आहे. लगन होऊ दे. चार दिवसाची तं गोष्ट आहे.”

चार नाहीत. २३ जानेवारी ते १९ फेब्रुवारी, सत्तावीस दिवस होतात. गणित मी चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटात छडी खाऊन शिकले आहे. आणि दुसरं ऐक. आपल्या लोकांनी मुहूर्त सोडला त्याला यंदा सत्तर वर्षं होतील. आपले बाबा तर अमावास्येला मुद्दाम नवं काम सुरू करायचे. आणि तू माझ्या गाठीसाठी मुहूर्त काढलास.

नवी तारीख मी मिळवली आहे. ४ फेब्रुवारी, बुधवार. त्या शुक्रवारी मी काउंटरसमोरून हलले नाही. दहा वाजले, बारा वाजले. केसरबाईंनी तिथेच डबा सोडला आणि लाखोळीच्या डाळीचा वास सगळीकडे गेला. दीड वाजता एक व्यवस्थापक आला आणि मला ‘आजी’ म्हणाला. मी ओरडले नाही. इंग्रजीत बोलले. सिस्टर ॲग्नेसने आम्हाला शिकवलं होतं की राग आला की आवाज खाली आणि वाक्य लांब. तिसऱ्या वाक्याला त्याने खुर्ची दिली, पाचव्याला डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी रजिस्टर पाहिलं, मला वाटतं त्यांना लाज वाटली, आणि मधली जी पहिली तारीख रिकामी होती ती दिली. केसपेपरवरचा तुझा नंबर मी माझ्या हाताने खोडला. त्या जागी केसरबाईंचा आहे. त्या तीन इयत्ता शिकल्या आहेत, पण विचारल्याशिवाय कोणाच्या वतीने बोलत नाहीत.

माधवीचा फोन मी घेतला होता, कारण तिचं माझं भांडण नाही. तिने माझ्या लग्नातल्या ब्लाउजचं माप विचारलं. मी म्हटलं, डाव्या बाजूला जरा सैल ठेव. का म्हणून तिने विचारलं, तेव्हा कळलं की तू बायकोलाही सांगितलेलं नाहीस. मी सांगितलं. तिने आधी नवं माप लिहून घेतलं. मग म्हणाली, “यायनं मले म्हटलं, बाईचं बीपी वाढलं.”

असं कसं रे जमतं तुला? एकाला बीपी, दुसऱ्याला तब्येत, तिसऱ्याला काहीच नाही.

मी घाबरलेली नाही, हेही लिहून ठेवते. डबे सगळे घासून झाले. ट्रंकेतल्या साड्या उन्हात घातल्या. हात मात्र आपोआप तिकडे जातो. परवा बाजारात वांगी निवडताना गेला आणि वांगीवाली पाहत राहिली. एवढंच.

लेखी उत्तराची मुदत उद्या संपते.

रंभा

---

चामोर्शी,
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

धनराज,

मुदत संपली, लग्नही झालं. आता सवडीने वाच.

बायोप्सी बुधवारी झाली. जागा बधिर करतात. मग एक यंत्र असतं, त्याचा आवाज स्टेपलरसारखा. डॉक्टरबाई प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, “आता आवाज येईल.” चार वेळा आला. मी छताकडे पाहत त्या आवाजाला छत्तीस वर्षांतल्या एकेका साहेबाचं नाव दिलं. चौथा मी तुझ्या नावाने घेतला. रिपोर्टला दहा-बारा दिवस, नमुना नागपूरला जातो.

आणि चौथ्या दिवशी मी पट्टी लावून वडशाला, राजदीपच्या गावी, लग्नाच्या मांडवात उभी होते. पांढरी साडी नेसून, पंचशील म्हणत. आवाज चढला नाही तो रात्रीच्या नाटकाची जाहिरात करत फिरणाऱ्या जीपगाडीमुळे नव्हे, जरी ती तीनदा भोंगा वाजवत मांडवासमोरून गेली. श्वास भरून घेतला की टोचत होतं.

राजदीपची आई मला भेटायला आली ते तू पाहिलंस. तू चार पावलांवर होतास. विहिणींच्या रीतीप्रमाणे ती गळ्यात पडली. बाई चांगली आहे, धडधाकट आहे, आणि तिने मला डाव्या बाजूने घट्ट आवळलं. माझ्या डोळ्यांपुढे मांडव पांढरा झाला. मी हूं की चूं केलं नाही. ती म्हणाली, “विहीणबाई, लय बारीक झाल्या जी तुमी,” आणि मी तोंड उघडायच्या आत तू मध्ये घुसलास, “बाईचे उपास लय राह्यतेत.”

उपास. मी. चौसष्ट घरांच्या या वस्तीत मी उपास केल्याचं कोणी पाहिलेलं नाही. पण मी मान हलवली. नंतर तू माझ्याकडे आभाराच्या नजरेने पाहिलंस. मला ती नजर नको होती. मी गप्प राहिले ते तुझ्यासाठी नाही. समोर पोर बसली होती, नवऱ्याच्या कानात काही सांगून हसत होती. ते हसू मोडायला माझी जीभ वळली नाही.

निघताना संघप्रियेने मला विचारलं, “आत्या, हात असा काऊन धरून राह्यली?” मी म्हटलं, तुझ्या आईने ब्लाउज घट्ट शिवला.

म्हणजे मीही खोटं बोलले. आता आणखी एक सांगते. मी ते न सांगता तुझ्यावर आरोप करत राहिले तर माझ्या पत्रांना किंमत राहणार नाही.

गाठ २ जानेवारीला लागली नाही. १६ ऑक्टोबरला लागली. त्या सकाळी मी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला जायला निघाले होते. पांढरा पदर खांद्यावर घेतला, तो नीट बसेना म्हणून हात फिरवला, आणि हाताला ती लागली. मी पदर पिनने लावला, बस पकडली, दिवसभर लोकांत फिरले. संध्याकाळी परत येऊन पाहिलं, ती तिथेच होती. मग मी ठरवलं, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली तर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो देऊन येऊ, मग बघू. दाखला दिला. मग डिसेंबरात संघप्रियेचा साखरपुडा आला. शुभ घरात हे कशाला काढायचं, असं मी स्वतःला म्हटलं. अक्षरशः तुझेच शब्द.

तू सत्तावीस दिवस ढकलायला निघाला होतास. मी अठ्ठ्याऐंशी दिवस ढकलले आणि तुला पहिल्या पत्रात बजावलं की मी वेळ घालवला नाही. फरक एवढाच की मी ढकलले ते माझे होते. तुझे नव्हते.

याने तुझा गुन्हा हलका होत नाही. त्यात माझा मिळाला, एवढंच.

रंभा

---

चामोर्शी,
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

धनराज,

रिपोर्ट काल मिळाला. कॅन्सर आहे. डावा स्तन. काखेतल्या गाठींत गेला आहे का ते ऑपरेशनच्या वेळी कळेल. ऑपरेशन नागपूरला, शुक्रवार, २७ फेब्रुवारी. मी २६ ला निघणार.

पाकीट माझ्या हातात दिलं. वर माझंच नाव होतं. मी ते तिथेच उभ्याउभ्या उघडून वाचलं. इंग्रजी मला येतं. केसरबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा आणायला गेल्या.

आता मुद्द्याचं. तू या पत्राचं उत्तर दिलं नाहीस तर बाकीची सगळी पत्रं चुलीत घाल.

डॉक्टरबाई रिपोर्ट वाचून जुन्या केसपेपरवर गेल्या. ‘कुटुंबात कोणाला?’ त्यापुढे ‘नाही’. त्यांनी विचारलं, हे खात्रीचं का? मी म्हटलं, भावाने सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, “तुम्हीच सांगा ना. आई कशाने गेल्या?”

“तापाने.”

“वय?”

“छत्तीस.”

त्यांनी पेन खाली ठेवला. “कसला ताप?”

बासष्ट वर्षांची बाई, कॉन्व्हेंटची, पेन्शनर, आणि मला सांगता आलं नाही. कारण मी तिथे नव्हते. मी आणि बाबा चंद्रपुरात होतो. बाबा कॉन्व्हेंटच्या वसतिगृहाचे चौकीदार, म्हणून तर मला तिथे फुकट शिकायला मिळालं. गावात माय होती आणि तू. १९७९ च्या फेब्रुवारीत धुरपतामावशीने गुरुजींकडून लिहवून घेतलेलं, माय अंथरुणाला आहे असं एक कार्ड बाबांना आलं. बाबांनी ते खिशात ठेवलं. माझी दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. परीक्षा होऊ दे, म्हणाले असतील. शेवटचा पेपर देऊन मी बाहेर आले तेव्हा ते फाटकाशी उभे होते, माझं गाठोडं बांधून. गावी पोचलो तर मायला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. अंगण शेणाने सारवलेलं होतं आणि तू कोपऱ्यात बसून माझ्याशी बोलत नव्हतास. ताप आला होता, सगळे म्हणाले. तू काहीच म्हणाला नाहीस.

मला संशय होता. मावशी एकदा, माधवी तुझ्या घरी आली त्या वर्षी, भाकरी थापता थापता बोलून गेली होती, “तुह्या मायच्या छातीले घाव झाला होता व माय, पदर सरकू देत नोती.” तू दारात होतास. तू इतक्या जोरात ‘मावशे’ म्हणालास की तिचा हात तव्याला लागला. त्यानंतर ती कधी बोलली नाही, आणि आता ती नाही. मी पुन्हा विचारलं नाही. ते नको होतं मला. १२ जानेवारीला पडद्यामागे गप्प राहिले तेही त्याचमुळे. तुझं ‘नाही’ मला हवं होतं.

हे मी सगळं डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आईला इतक्या कमी वयात तो आजार झाला असेल तर ऑपरेशनचा विचार वेगळा करावा लागेल, रक्ताची एक तपासणी करावी लागेल. त्यासाठी कोणीतरी पाहिलेलं, नीट लिहिलेलं हवं. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी मुली आहेत का? मी म्हटलं, एक भाची, पण भावाची मुलगी आहे, तिला कुठून येणार. त्या म्हणाल्या, “बापाकडूनही येतं. त्याला काही होत नाही, तरी तो मुलीला देऊ शकतो.”

समजलं? तू म्हणालास, यायच्या घरी बिमारी आहे असं म्हणतील. तिच्या सासरी कोण काय म्हणेल म्हणून तू जे झाकतो आहेस, ते तिच्याच अंगात असू शकतं. असेलच असं नाही. पण सत्ताविसाव्या वर्षी तिला माहीत असलं तर ती वर्षा-दोन वर्षांनी तपासून घेईल. नाहीतर तीही एक दिवस पदर सारखा करताना हात थांबवेल आणि म्हणेल, दिवाळी होऊ दे.

मायला काय झालं होतं ते लेखी कळव.

रंभा

---

चामोर्शी,
शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

धनराज,

काल दुपारी तीन वाजता तू खिडकीशी आलास. पोपटवालाच्या शेंगांची पिशवी गजाला अडकवलीस. मी दार उघडलं नाही. का, ते तुला माहीत आहे, आणि केसरबाईंनाही, ज्या भिंतीपलीकडे लसूण सोलत सगळं ऐकत होत्या.

तू आधी माधवीचं सांगितलंस, मग संघप्रिया सासरी रुळल्याचं. मी खिडकीतून म्हटलं, मायचं बोल. तू गजाला धरून उभा राहिलास, मास्तर असूनही शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरासारखा. मग बोललास. तुझे शब्द मी तू गेल्यावर लगेच वहीत उतरवले, म्हणून जसेच्या तसे देते. बरोबर असतील तर कळेलच तुला.

“मले कोनी इचारलं होतं का, बाई? तू होतीस तिकडे विंग्रजी शिकत. बाबा होते तिकडे. आठ वर्साचा होतो मी. कडूनिंबाचा पाला मीच वाटत होतो. मायची चोळी मीच धूत होतो नाल्यावर, भर दुपारी, कोनी नसताना. तिनं शपथ घातली होती, बाबाले नोको सांगू, पोरीची परीक्षा आहे. मले वाटलं, मी पाला नीट वाटला नाई म्हनून गेली. अजून वाटते. आता तुहं पाह्याचं नव्हतं मले. म्हनून फोन केला. लगनाचं तं निमित्त.”

एवढं बोलून तू शेंगा तिथेच ठेवून मोटारसायकलला किक मारलीस. ती दोनदा बंद पडली. तेवढ्या वेळात मी दार उघडू शकले असते.

आता माझं ऐक. तुझ्या पाल्यात काही कमी नव्हतं. तू तो कसाही वाटला असतास, बारीक किंवा जाडा, तरी मायचा आजार पाल्याने जाणारा नव्हता. हे मी तुझी कीव येऊन लिहीत नाही. वस्तुस्थिती आहे, डॉक्टरबाईंना आज सकाळी फोन करून खात्री करून घेतली. सत्तेचाळीस वर्षं तू ते ओझं वाहिलंस, तेच घेऊन वर्गात शिकवायला उभा राहिलास आणि मी शेजारच्या गावात पत्रांवर शिक्के मारत होते. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मी विचारलं नाही. ही माझी नोंद.

पण तुला माफ केलं असं समजू नकोस. आठ वर्षांच्या पोराचं मी ऐकलं. मला जाब पंचावन्न वर्षांच्या मास्तराला विचारायचा आहे. तुला पाहवणार नव्हतं, म्हणून तू माझी तारीख बदललीस. तू डोळे मिटलेस म्हणून गाठ थांबणार होती का? मायने तुला शपथ घातली, बाबांनी कार्ड खिशात ठेवलं, मी दाखल्याचं निमित्त काढलं, तू फोन केलास. सगळ्यांनी सगळ्यांच्या भल्यासाठी केलं, आणि माय छत्तिसाव्या वर्षी गेली.

खिडकीतलं बोलणं मला चालत नाही. मावशीचंही बोलणंच होतं, आणि त्याचं काय झालं ते तू आणि मी दोघांनी पाहिलं. डॉक्टरांच्या फाइलीत बोलणं लावता येत नाही. म्हणून कागद घे आणि लिही: मायला घाव कोणत्या बाजूला होता, तू तो पहिल्यांदा कधी पाहिलास, ती किती महिने अंथरुणाला होती, मायच्या माहेरात आणखी कोणा बाईला असं झाल्याचं तू ऐकलं आहेस का. खाली तुझी सही आणि तारीख. रडत लिहिलंस तरी चालेल, अक्षर वाचता आलं पाहिजे.

त्याची एक प्रत माझ्यासाठी. दुसरी प्रत संघप्रियेसाठी, आणि ती तू स्वतः वडशाला जाऊन तिच्या हातात द्यायची. माधवीकडून नाही, फोनवर नाही, राजदीपच्या बापाशी आधी सल्लामसलत करून नाही. पत्र तिच्या नावाचं आहे. ते तिने कोणाला दाखवायचं हे ती ठरवेल. मी हे तिला आजच सांगू शकते. सांगितलेलं नाही, कारण माझी शेवटच्या पेपरापर्यंतची ती फसवणूक बापाने केली होती आणि ती मला बापाकडूनच ऐकायची होती. बाबा मरेपर्यंत त्यावर बोलले नाहीत. तुझ्या मुलीवर ती वेळ आणू नकोस.

२७ ला ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईकाची सही लागते. केसरबाईंचं नाव मी दिलं आहे, त्या तयार आहेत, नवं लुगडंही काढून ठेवलं आहे. तुला यायचं असेल तर ये. बाहेरच्या बाकावर बसायला कोणी मनाई करत नाही. डॉक्टर विचारतील ते मला विचारतील, आणि मी शुद्धीवर नसेन तेव्हा केसरबाईंना. तू ऐकायचं. शेंगा उकडल्या आहेत. बऱ्या आहेत.

तुझं उत्तर तुझ्या हस्ताक्षरात, बुधवार, २५ फेब्रुवारी २०२६, दुपारी बारा वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. स्पीड पोस्टाने पाठव किंवा स्वतः आणून दे. कागद घेऊन आलास तर दार उघडेन. बारा वाजून एक मिनिटाने मी संघप्रियेला फोन लावेन आणि तू खिडकीत जे बोललास ते वहीतून तिला वाचून दाखवेन, पाल्यासकट.

रंभा उंदिरवाडे